टोकनआधी कागद, रंगाआधी नळ: पुण्यात भाड्यासाठी छोटा फ्लॅट घेताना

‘दादा, टोकन दिलंय. आता कागद बघायला एखादा वकील सांग ना.’ असा फोन मला वर्षातून तीन-चारदा तरी येतो. टोकन म्हणजे व्यवहार पक्का करायला दिलेली आगाऊ रक्कम. सहा महिन्यांनी त्याच माणसाचा दुसरा फोन येतो: रंग झाला, पण बाथरूमची ओल बेडरूमच्या भिंतीवर उतरली. मग तिसरा: भाडेकरू राहायला आलाय, करार तेवढा राहिलाय. यातलं एकही काम चुकीचं नाही, सगळी कामं करायचीच असतात. उलटा झालेला असतो तो क्रम.

खालचे टप्पे पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांच्या हद्दीतल्या तयार, रिसेलच्या वन आरके-वन बीएचकेसाठी आहेत. बांधकाम चालू असलेला फ्लॅट पहिल्या गुंतवणुकीला मी सुचवत नाही. तिथे जीएसटी लागतो आणि भाडं सुरू होण्याच्या कितीतरी आधी हप्ता सुरू होतो.

टप्पा १: फ्लॅट बघण्याआधी हिशेब

एक उदाहरण धरू. फ्लॅटची किंमत ४५ लाख, अपेक्षित भाडं १६ हजार.

महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क, स्थानिक कर आणि मेट्रो अधिभार मिळून ७ टक्के होतात, म्हणजे ३ लाख १५ हजार. नोंदणी शुल्क १ टक्का, पण कमाल ३० हजार. दलाली १ टक्का धरली तर ४५ हजार. सोसायटीचं हस्तांतर अधिमूल्य, म्हणजे फ्लॅट नव्या मालकाच्या नावावर करताना ती घेते ती रक्कम, कमाल २५ हजार. वकील २० हजार धरा, दुरुस्ती ३ लाख. एकूण गुंतवणूक ५२ लाख ३५ हजार. ४५ हा आकडा इथेच विसरा.

आता उत्पन्न. वर्षाचं भाडं बारा महिन्यांचं धरू नका, अकरा महिन्यांचं धरा: १ लाख ७६ हजार. त्यातून मेंटेनन्स, नॉन-ऑक्युपन्सी (मालक स्वतः राहत नसेल तर सोसायटी लावते ते शुल्क), मिळकतकर, विमा, किरकोळ दुरुस्ती आणि भाडेकरू शोधण्याची दलाली मिळून ५३ हजार वजा केले, तर हातात १ लाख २३ हजार उरतात. गुंतवणुकीवर हे जेमतेम २.३५ टक्के झाले. बँकेची मुदत ठेव याहून जास्त देते. म्हणजे किंमत वाढण्यावर तुमची मदार आहे. ते मान्य असेल तरच पुढे जा.

कर्जाचं गणितही आत्ताच करा. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला बँक किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देऊ शकते, म्हणजे इथे ३६ लाख. मुद्रांक शुल्क, दलाली, दुरुस्ती हे सगळं खिशातून, एकूण १६ लाखांच्या वर. साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांचा हप्ता सुमारे ३१,२०० येतो आणि भाडं १६ हजार. दरमहा १५ हजारांची ही तूट पगारातून भरत राहायची आहे. नव्या करप्रणालीत घरभाड्यातला तोटा पगारातून वजा होत नाही, तेव्हा ‘व्याजावर टॅक्स वाचेल’ हा दलालाचा मुद्दा बाजूला ठेवा.

खरेदी फक्त स्त्रीच्या नावावर असेल तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, इथे ४५ हजार. मात्र नवऱ्याच्या पैशाने बायकोच्या नावावर घेतलेल्या घराचं भाडं सहसा नवऱ्याच्याच उत्पन्नात धरलं जातं. सीएला विचारून मग नाव ठरवा.

*तपासा:* घर चार महिने रिकामं राहिलं तरी हप्ता भरता येईल इतके पैसे बाजूला आहेत का? नसतील तर फ्लॅट बघायला जाऊच नका. बघितला की मन बसतं.

टप्पा २: आधी भाडेकरू ठरवा, मग भाग

‘पुण्यात कुठेही घ्या, भाडेकरू मिळतोच’ हे अर्धसत्य आहे. हिंजवडी-वाकड आणि खराडी-विमाननगर आयटीवाल्यांवर चालतात. धनकवडी, नऱ्हे, कर्वेनगर यांचा मोठा आधार विद्यार्थी. तिथे जून-जुलैत प्रवेशाच्या धामधुमीत फ्लॅट रिकामा असेल तर चार दिवसांत जातो आणि नोव्हेंबरात रिकामा झाला तर रखडतो. विद्यार्थ्यांना द्यायचा विचार असेल तर सोसायटीत बॅचलर चालतात का, हे वॉचमनला विचारून भागत नाही. सचिवांना विचारा, तसा ठराव झाला असेल तर बघायला मागा.

शक्य असेल तर फ्लॅट पावसाळ्यात बघा. ऑगस्टमध्ये दिसणारी ओल मार्चमध्ये पुट्टीखाली गेलेली असते. वरच्या मजल्याचा फ्लॅट असेल तर गच्चीवर जाऊन बघा आणि खालच्या मजल्यावरच्यांना ‘तुमच्या बाथरूमच्या छताला ओल आहे का’ एवढं विचारा. त्यांचं उत्तर कुठल्याही ब्रोशरपेक्षा खरं असतं.

पुराचं विसरू नका. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याचं पाणी अरण्येश्वर-सहकारनगर भागात घुसलं. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून सोडलेल्या पाण्याने सिंहगड रस्त्यावरची एकतानगरी बुडाली. नदी-ओढ्याजवळची इमारत असेल तर निळी आणि लाल पूररेषा नकाशावर बघा. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या. तळमजल्याचा फ्लॅट दोन लाखांनी स्वस्त का मिळतोय, याचं उत्तर कधीकधी तिथेच असतं.

*तपासा:* उन्हाळ्यात सोसायटीला किती टँकर लागतात आणि त्याचं बिल मेंटेनन्समध्ये आहे की वेगळं? मागच्या मे महिन्याचं बिल मागा. ‘पाण्याचा काही प्रॉब्लेम नाही’ हे उत्तर बिलाशिवाय ऐकू नका.

टप्पा ३: टोकनआधी कागद

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. विकणाऱ्याला स्पष्ट सांगा: कागदांच्या झेरॉक्स द्या, वकिलाला दाखवतो, दहा दिवसांत टोकन देतो. ‘उद्या दुसरी पार्टी येतेय’ असं सांगितलं तर येऊ द्या. प्रामाणिक विकणारा दहा दिवस थांबतो.

काय मागायचं, कोणत्या क्रमाने:

१. बिल्डरपासून आजच्या मालकापर्यंतचे सगळे नोंदणीकृत करार आणि प्रत्येकाची सूची क्रमांक दोन, म्हणजे आपण ज्याला इंडेक्स टू म्हणतो तो नोंदणी कार्यालयाचा कराराचा सारांश. मधला एक करार गायब असेल तर साखळी तुटलेली आहे. ‘हरवला असेल’ म्हटलं तर प्रमाणित प्रत काढायची जबाबदारी विकणाऱ्यावर टाका.

२. महापालिकेचं भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला परवानगी दिल्याचा दाखला) आणि मंजूर नकाशा. नकाशा हातात धरून फ्लॅटमध्ये उभे राहा. बाल्कनी आत घेतली आहे का? टेरेसवर पत्रा टाकून खोली केली आहे का? ती जागा तुम्ही विकत घेत नाही आहात, तिच्यावरची कारवाई मात्र विकत घेत आहात.

३. जमिनीचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका आणि बिगरशेती आदेश. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं पुणे महापालिकेत आली. त्या पट्ट्यात गुंठेवारीवर, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्याने तुकडे पाडून विकलेल्या जमिनीवर, उभ्या राहिलेल्या चार-पाच मजली इमारती पुष्कळ आहेत. भाव निम्मा, भाडं तेवढंच, म्हणून नवा गुंतवणूकदार तिथे हमखास अडकतो. नोटरीवर फ्लॅट विकला जात असेल तर चहा पिऊन घरी या. नोटरीने मालकी येत नाही. राष्ट्रीयीकृत बँक या इमारतीवर कर्ज देते का, ही झटपट चाचणी. तुम्ही रोखीने घेणार असलात तरी करा, कारण पुढे तुमच्याकडून घेणाऱ्याला कर्ज लागणार आहे.

४. सोसायटी आहे की अपार्टमेंट? पुण्यात हा प्रश्न विचारायलाच हवा. सहकारी सोसायटी असेल तर शेअर सर्टिफिकेट आणि थकबाकी नसल्याचा दाखला. १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालची इमारत असेल तर शेअर सर्टिफिकेट नसतंच, तिथे डीड ऑफ अपार्टमेंट, म्हणजे त्या फ्लॅटच्या मालकीचा नोंदणीकृत दस्त लागतो. इमारत पंधरा वर्षं जुनी आणि डीड अजून झालेलंच नाही, अशी उदाहरणं मी डोळ्यांनी बघितली आहेत. तसं असेल तर ते आधी, तुमचं खरेदीखत नंतर.

५. विकणाऱ्याचं कर्ज चालू असेल तर त्याच्या बँकेचं शिल्लक रकमेचं पत्र आणि तिच्या ताब्यात असलेल्या मूळ कागदांची यादी.

६. मूळ मालक वारला असेल तर सगळ्या वारसांची संमती. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटीने नॉमिनीच्या नावावर शेअर केले असले तरीही बाकीच्या वारसांचा हक्क उरतो. अमेरिकेतली बहीण ‘सही पाठवेल’ म्हणाली, तर सही आल्यावरच पुढचं बोला.

यानंतर वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे या मिळकतीवर नोंदलेले जुने व्यवहार आणि बोजे तपासून दिलेला अहवाल. वकील तुमचा हवा. दलालाने सुचवलेला नको, विकणाऱ्याचा तर नकोच.

*सावधान:* मुद्रांक शुल्क कराराच्या रकमेवर किंवा रेडी रेकनरच्या (सरकारने त्या भागासाठी ठरवलेल्या दराच्या) मूल्यावर, यातलं जे जास्त त्यावर लागतं. आणि ‘पाच लाख रोख, करार कमीचा’ ही ऑफर तिथल्या तिथे नाकारा.

टप्पा ४: टोकन ते ताबा

टोकन चेकने किंवा बँकेतून द्या आणि विसार पावती, म्हणजे टोकनची अटींसह पावती, लिहून घ्या. पावतीत एक वाक्य हवंच: कर्ज मंजूर न झाल्यास किंवा मालकीत दोष निघाल्यास अमुक दिवसांत रक्कम परत. ते वाक्य नसलेल्या पावतीचा मला स्वतःला ५१ हजारांचा अनुभव आहे.

त्यानंतर कर्जाचा अर्ज. बँकेचा वकील कागद तपासतो म्हणून आपला वकील टाळू नका. तो बँकेचे पैसे सुरक्षित आहेत की नाही हे बघतो. तुमची बाल्कनी अधिकृत आहे की नाही, याची झोप त्याला जात नाही.

मग साठेखत (पुढे विकण्याचा करार) किंवा थेट खरेदीखत (प्रत्यक्ष विक्रीचा दस्त). ई-चलन भरून हवेलीच्या दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदणी. हवेली क्रमांक एकपासून पुढे अनेक कार्यालयं आहेत, वेळ आधी घ्या. साक्षीदार सोबत न्या. मसुद्यातलं कार्पेट क्षेत्र, फ्लॅट नंबर आणि चतुःसीमा स्वतः मोठ्याने वाचा. मोबाईलवर फोटो पाहून ‘ठीक आहे’ म्हणू नका. नंतरचं चूक दुरुस्ती पत्र म्हणजे पुन्हा सगळ्यांना एकत्र आणणं आलं, आणि एव्हाना विकणारा नागपूरला गेलेला असतो.

व्यवहार ५० लाख किंवा त्याहून अधिक असेल तर १ टक्का टीडीएस कापून तुम्ही भरायचा. विकणारा अनिवासी भारतीय असेल तर नियम वेगळा आणि कपात बरीच जास्त. तिथे सीएशिवाय एक रुपयाही देऊ नका.

शेवटचा हप्ता आणि किल्ली एकाच वेळी. त्या दिवशी वीजमीटरचं रीडिंग आणि गॅसमीटरचा फोटो घ्या. महिन्याभरात सोसायटी, महावितरण आणि महापालिकेच्या मिळकतकराला नाव लावा. एक बारीक गोष्ट: आधीचा मालक तिथे राहत असेल तर त्याच्या पुण्याच्या मिळकतकरात ४० टक्के सवलत धरलेली असते. ती स्वतः राहणाऱ्याला आहे. भाड्याने दिल्यावर पूर्ण कर धरूनच टप्पा एकमधला हिशेब करा.

टप्पा ५: विमा, आणि तो दुरुस्तीच्या आधी

बहुतेकजण ‘काम झालं की काढू’ म्हणतात. वायरिंग उघडं, नळ तोडलेले, घरात रात्री कुणी नाही: धोका नेमका तेव्हाच जास्त असतो. खरेदीखत झालं की त्याच आठवड्यात पॉलिसी घ्या. मोठं बदलकाम करणार असाल तर तसं कंपनीला लेखी कळवा.

पहिला गोंधळ: कर्जासोबत बँकेने दिलेला विमा बहुतेक वेळा तुमच्या जिवाचा असतो, भिंतींचा नाही. पॉलिसी उघडून बघा.

दुसरा गोंधळ रकमेचा. ४५ लाखांच्या फ्लॅटचा ४५ लाखांचा विमा काढायचा नसतो. जमीन जळत नाही. कार्पेट क्षेत्र गुणिले आजचा बांधकाम खर्च एवढीच रक्कम हवी. ४२० चौरस फूट आणि २,२०० रुपये दर धरला तर ९ लाख २४ हजार. हप्ता त्यामुळे वर्षाला काही शे ते हजार-दीड हजारांच्या घरात राहतो.

१ एप्रिल २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारखी पॉलिसी द्यावी लागते. तिच्यात आग, भूकंप, पूर, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं येतं. इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत घरातल्या वस्तूही येतात. आपल्या कामाची गोष्ट म्हणजे घर राहण्यालायक न उरल्यास बुडालेलं भाडंही ठरावीक मर्यादेत मिळतं. न येणाऱ्या गोष्टी: वर्षानुवर्षं झिरपणारी ओल, झीज आणि भाडेकरूचं सामान. नुसत्या चोरीसाठी वेगळं कव्हर लागतं.

*तपासा:* घर भाड्याने दिलेलं आहे हे प्रस्तावात लिहिलंय का? घर सलग रिकामं राहिल्यास काय अट आहे? सोसायटीने पूर्ण इमारतीचा विमा काढला असेल तर त्याची प्रत घ्या.

टप्पा ६: दुरुस्ती, तळापासून वर

भाड्याच्या घरात पैसे कुठे घालायचे याचा माझा नियम सरळ आहे: पाणी, वीज, खिडक्या, आणि उरले तर दिसणं. फॉल्स सीलिंगने भाडं पाचशेने वाढत नाही. गळका बाथरूम मात्र चांगला भाडेकरू घालवतो.

आधी सोसायटीला लेखी अर्ज: कामाचं स्वरूप, दिवस, मजुरांची नावं. कॉलम-बीमला हात नाही. भिंत पाडायची असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र. राडारोडा कुठे टाकायचा हे ठेकेदाराशी आधीच ठरवा, नाहीतर तो जिन्याखाली साठतो आणि भांडण तुमचं होतं.

कामाचा क्रम असा:

१. तोडफोड. बाथरूमच्या जुन्या टाइल्स, ओट्याखालचं सगळं, कुजलेली चौकट.

२. भिंतीतलं प्लंबिंग आणि वायरिंग. जुने गंजके जीआय (लोखंडी) पाइप काढून सीपीव्हीसी (प्लास्टिकचे) टाका. पाइप बुजवण्याआधी दाब देऊन तपासा आणि भिंतीचे फोटो काढून ठेवा. पुढे भाडेकरूने पडद्यासाठी ड्रिल मारलं की हेच फोटो उपयोगी येतात. गीझर आणि एसीला वेगळी लाइन, बोर्डात आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच. अर्थिंग आहे का हे वायरमनला मोजून दाखवायला सांगा.

३. वॉटरप्रूफिंग. बाथरूमची संकन भरणी (फरशीखालच्या खोलगट भागातला भराव) उघडून लेप, ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर), नहाणी ट्रॅपभोवती (पाणी जाण्याच्या जाळीभोवती) नीट गोलाई. मग ट्रॅप बंद करून पाणी भरून ठेवा. ४८ तास. खालच्या घरात जाऊन छत बघा. ठेकेदार म्हणेल ‘चोवीस तास पुष्कळ झाले साहेब’. होऊ द्या, तुम्ही अठ्ठेचाळीसच धरा.

४. टाइल्स. बाथरूममध्ये न घसरणाऱ्या, बाहेर साध्या दोन बाय दोन व्हिट्रिफाइड. दोन खोकी जास्त घेऊन माळ्यावर ठेवा, तीन वर्षांनी ती शेड बाजारात मिळत नाही. टाइल लावल्यावर आधी उताराची परीक्षा घ्या: बादलीभर पाणी ओता आणि ते ट्रॅपकडे जातंय का बघा.

५. ओटा, सिंक, खिडक्या. ग्रॅनाइटचा ओटा, खाली फक्त साध्या ट्रॉली. महागडं मॉड्युलर किचन दोन भाडेकरूंत खिळखिळं होतं. खिडक्यांना डास-जाळी लावा. पुण्यात संध्याकाळी घर बघायला आलेल्या माणसाला ती पहिली दिसते.

६. पुट्टी, प्रायमर, रंग. भिंत पूर्ण वाळल्याशिवाय नाही. मी एकदा गणपतीआधी उरकायचं म्हणून ओल्या प्लास्टरवर रंग दिला. दसऱ्याला पापुद्रे निघाले. पुन्हा घासून, पुन्हा पैसे. सगळ्या घराला एकच फिकट शेड द्या आणि तिचा कोड लिहून ठेवा.

७. नळ, दिवे, पंखे, कुलूप सगळ्यात शेवटी. आधी लावले तर सिमेंटने माखतात आणि कधीकधी चोरीलाही जातात.

ठेकेदाराला पैसे टप्प्यांनी द्या आणि १० टक्के तरी पहिल्या मोठ्या पावसापर्यंत रोखून ठेवा. कोटेशनमध्ये ‘बाथरूम कम्प्लीट’ असं लिहिलेलं असेल तर ते परत करा. किती फूट टाइल, कोणता पाइप, किती पॉइंट, हे सुटं लिहून घ्या.

*सावधान:* ओल वरच्या घरातून येत असेल तर तुमचं वॉटरप्रूफिंग वाया जातं. वरच्याचं बाथरूम गळत असेल तर तो खर्च संबंधित सदस्यांचा, गच्ची किंवा बाहेरची भिंत असेल तर सोसायटीचा. लेखी तक्रार करा, दुरुस्ती होऊ द्या, मगच आपलं काम.

टप्पा ७: करार आधी, किल्ली नंतर

अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही, हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार (ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा करार) लेखी आणि नोंदणीकृतच हवा आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वाद झाला तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, हे मला दंडापेक्षा जास्त महागाचं वाटतं.

खर्च फार नाही. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, तेही एकूण भाडं आणि डिपॉझिटवर वार्षिक १० टक्के धरलेली रक्कम मिळून. १६ हजार भाडं, ४० हजार डिपॉझिट, अकरा महिने, तर साडेचारशे-पाचशे रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क एक हजार. आधार आणि अंगठ्यावर घरबसल्या नोंदणी होते, एजंटचे पैसे वेगळे.

करारात वस्तूंची यादी जोडा: पंखे किती, गीझर कोणता, चाव्या किती. किल्ली देताना दोघांनी मिळून घराचा व्हिडिओ काढा, नळ उघडून दाखवत. भाडेकरूची माहिती पुणे पोलिसांच्या संकेतस्थळावर भरा आणि पावतीची प्रत सोसायटीला द्या.

सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी लावेल. ती सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त लावता येत नाही, आणि त्या सेवा शुल्कात मिळकतकर धरायचा नाही. बिल पूर्ण मेंटेनन्सवर काढलेलं आढळलं तर १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाचा हवाला देऊन सचिवांना शांतपणे पत्र द्या. बहुतेक वेळा पुढच्या तिमाहीत दुरुस्त होतं. अपार्टमेंट असेल तर तिथले उपनियम आधी वाचा, तिथे हा आदेश लावता येत नाही.

करार संपायच्या दोन महिने आधी मोबाईलमध्ये आठवण लावा. त्या आठवड्यात एकदा घरी जाऊन या, सिंकखाली हात घालून बघा आणि बाथरूमच्या मागच्या भिंतीला तळहात लावा. नव्या भाड्याचं बोलणं त्यानंतर.